घडी पडलेली काच

सोमवार, १२ डिसेंबर १९८३. सकाळचे साडेदहा. ठिकाण : खामगाव, आमची प्रयोगशाळा. हजर : डॉ. अग्निहोत्री, पॅथॉलॉजिस्ट. शेख चाचा, प्रयोगशाळेचे मदतनीस. मी, सुमन इंगळे, तंत्रज्ञ. लता, वय वीस-एकवीस, राहणार वरवट बकाल. लताची सासू. लताची मुलगी शोभा, वय दीड वर्ष. आईच्या मांडीवर, जागी, पण रडत नव्हती.

माझ्या डायरीत त्या दिवसाची नोंद अशीच आहे. मला प्रत्येक गोष्टीची यादी करायची सवय आहे. घरी किराण्याची, शाळेत असताना न पाठ झालेल्या पाढ्यांची, आणि गेली तेवीस वर्षं प्रयोगशाळेतल्या कामांची. झालेल्या कामावर बरोबरची खूण, न झालेल्यापुढे 'बाकी'. शेख चाचा म्हणायचे, "बाई, तुमी मरानच्या दिवशीबी पह्यले यादी करसान." मी म्हणायची, "करीन. आणि त्यात तुमचं नाव खांद्यासाठी लिहीन." संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या तेव्हा वाटलं, डायऱ्या आहेतच, उतरवून काढू. उतरवायला बसले तेव्हा कळलं की मला एकच सांगायची आहे. माणसांची नावं बदलली आहेत. माझं तेवढं खरं आहे.

त्या सोमवारी डॉक्टर खिडकीच्या उजेडात शोभाच्या डोक्याचा एक्स-रे धरून उभे होते. कवटीच्या हाडाला भोकं पडलेली दिसत होती. कडा स्वच्छ, जणू कोणी सुपारी कातरून काढून घेतली आहे. मुलीच्या डोक्यावर खपल्या होत्या, कान वाहत होता, पोट फुगलं होतं.

सासू म्हणाली, "साहेब, इच्या डोक्शात किडे पडले काय?"

"किडे नाहीत, आजी."

"मंग? माह्या घरात कोनालेच असं नाही. सात पिढ्यात नाही. हे इच्या माहेराकडून आलेलं हाये. रक्तच खराब हाये त्यायचं."

लता मुलीच्या कानातला कापूस बदलत राहिली.

डॉक्टरांनी मला विचारलं, "ऑगस्टमध्ये या मुलीच्या डोक्याच्या त्वचेचा तुकडा आला होता ना? काच काढा." काच काढून दिली. क्रमांक ४१२/८३. त्या वेळचा रिपोर्ट होता : त्वचेचा जुनाट दाह. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ उचलला नाही. मग मला बोलावलं.

"बाई, पाहा. गव्हाच्या दाण्याला मधोमध खाच असते ना? या पेशींच्या केंद्रकाला तशी खाच आहे. एक नाही, दोन नाही, थवेच्या थवे आहेत." आणि म्हणाले, "हे मला ऑगस्टमध्ये दिसायला हवं होतं."

आपल्या कातडीत राखणदार पेशी असतात. बाहेरून आलेला जंतू पकडायचा आणि वर्दी द्यायची, हे त्यांचं काम. फार क्वचित कुठल्याशा मुलाच्या अंगात या पेशी विनाकारण वाढत सुटतात. हाडात, कातडीत, यकृतात ठाण मांडून बसतात आणि ज्याची राखण करायची तेच पोखरतात. का, ते तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. त्या आजाराला हिस्टिओसायटोसिस एक्स म्हणत. नावातच 'एक्स', म्हणजे शोधणाऱ्यांनाही उमगलेलं नव्हतं. डॉक्टरांनी तो पुस्तकात पाहिला होता, माणसात कधीच नाही.

पण गव्हासारखी खाच दिसली म्हणजे खात्री झाली असं नाही. खरूज, क्षय, इतर काही आजार असेच वेष घेतात. औषध उग्र. क्षय असताना ते दिलं तर औषधच जीव घेईल. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांशी डॉक्टर फोनवर बोलले. ते म्हणाले, पुरावा द्या, उद्या सुरू करतो. पुरावा मिळायची एकच वाट होती. मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटीबॉडीचा, रंग नुकताच सुरू झाला होता. त्या रंगात याच पेशी तपकिरी होतात, दुसऱ्या होत नाहीत. तिथे डॉक्टरांच्या वर्गातल्या एक बाई होत्या.

"ब्लॉक काढा, बाई," डॉक्टर म्हणाले. "आजच पाठवू."

मी कपाटाकडे गेले. जायची गरज नव्हती. कपाट उघडायच्या आधीच मला माहीत होतं.

आता ब्लॉक म्हणजे काय ते सांगायला हवं. सर्जन रोग्याच्या अंगातला तुकडा कापून देतो. हरभऱ्याएवढा, कधी तांदळाएवढा. तो सडू नये म्हणून फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा. मग टप्प्याटप्प्यानं त्यातलं पाणी काढायचं आणि पाण्याच्या जागी गरम पातळ मेण मुरवायचं. मेण थिजलं की साबणाच्या छोट्या वडीसारखा ठोकळा होतो. तोच ब्लॉक. हा ठोकळा मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर बसवून चाक फिरवलं की सुरीवरून पापुद्रे सुटतात. कांद्याचा पापुद्रा त्याच्यापुढे गोधडी. पापुद्रे एकाला एक चिकटून फीत होते. ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती गेली की खालून काच घालून उचलायची. धुताना सुटू नये म्हणून काचेला अंड्यातला पांढरा भाग चोळायचा. दर सोमवारी शेख चाचा एक अंडं आणत. "पांढरं तुमचं, पिवळं माहं," हा आमचा करार होता. मग रंग द्यायचा. तेव्हा कुठे डॉक्टर पाहतात. एकदा रंगलेली काच मुंबईच्या त्या रंगाला चालत नसे, त्यासाठी ब्लॉकमधून कोरा पापुद्रा लागे.

माझ्या पापुद्र्यांना सुरकुती नसे. हे मी फुशारकीनं लिहीत नाही. फुशारकी होती, तीच पुढे आड आली. खामगावचा मे महिना म्हणजे मेण चाकाखालीच मऊ पडतं. मी सकाळी सहाला येऊन काम करी, आणि गोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणून ब्लॉक तिच्यावर थंड करी. एकदा गोळेवाल्यानं विचारलं, "बाई, रोज बर्फ नेता, लाल सरबत काऊन नाही नेत?" मी म्हटलं, लाल रंग आमच्याकडे आहे.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा तर विचारू नका. एकानं वडिलांच्या मानेची गाठ बाटलीतून आणली. बाटली उघडली तर दुर्गंधी. "यात औषध होतं ना?" "होतं बाई, पन लय वास मारे. म्या फेकून देल्लं अन् विहिरीचं ताजं पानी भरलं." दुसऱ्यानं काढलेला मुतखडा परत मागितला, शेजाऱ्याच्या खड्यापेक्षा मोठा आहे हे दाखवायला. अशा गोष्टी सांगायला मला आवडतं. त्या सांगून मी आणखी दोन पानं भरू शकले असते आणि ४१२ क्रमांकापर्यंत पोचलेच नसते.

तर कपाट. आमच्याकडे रीत होती की दसऱ्याआधी प्रयोगशाळेची झाडझूड करायची आणि वर्षापूर्वीचे ब्लॉक वितळवून त्यातलं मेण परत वापरायचं. तुकडे निघत, त्यांची नीट विल्हेवाट लावायची, मेण गाळून डब्यात. तेव्हा सगळ्याच लहान प्रयोगशाळा असं करत. रिपोर्ट गेला, काच जपली, ब्लॉकचं काम संपलं, असा समज. खंडेनवमीला सुऱ्या, कात्र्या, चिमटे मांडून डॉक्टर पूजा करत, झेंडूची फुलं वाहत. मी पूजा करत नाही, सुऱ्यांना धार मात्र मीच लावून ठेवी. दसऱ्याला मी दर वर्षी नागपूरला जाते, आईचा हात धरून गेले तेव्हापासून, एकदाही चुकलेलं नाही. त्यामुळे सगळी कामं आधी उरकायची घाई मलाच असे.

त्या वर्षी चांगलं मेण मिळेना. मुंबईची पार्सलं रखडली होती, इथल्या बाजारातलं मेण भुसभुशीत, त्याचे पापुद्रे तुटायचे आणि माझा जीव खालीवर व्हायचा. मी एक शहाणपणा केला. वर्ष न झालेले, पण रिपोर्ट 'साधा' आलेले आणि ज्यांचे रोगी पुन्हा फिरकले नाहीत असे ब्लॉक निवडले. यादी केली. डॉक्टरांपुढे ठेवली, त्यांनी न वाचता सही केली, कारण माझी यादी ते कधीच वाचत नसत. इतका विश्वास. दीड किलो मेण निघालं. उत्तम मेण. दिवाळीपर्यंतचे सगळे पापुद्रे त्याच मेणातून सुटले, एकालाही सुरकुती नाही.

यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. ४१२/८३, बरोबरची खूण, माझी सही.

मी ती काढून डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी ती पहिल्यांदा वाचली. मी म्हटलं, "हे मी केलं."

"सही माझी आहे," ते म्हणाले. "आणि रिपोर्टही माझाच चुकला. त्याशिवाय ती यादीत आली नसती."

बाहेर येऊन त्यांनी लताला सांगितलं, "जुना तुकडा आता उरलेला नाही. नवा काढावा लागेल." उरलेला नाही. कोणी उरू दिला नाही, ते त्या वाक्यात नव्हतं. मी शेजारी उभी होते. मीही ते भरून दिलं नाही.

नवा तुकडा निघाला नाही. रक्त तपासलं तर रक्त गोठवणारे कण फारच कमी. सुरी लावली असती तर रक्त थांबलं नसतं. नागपूरला नेलं. तिथे म्हणाले, जरा सुधारू दे, मग काढू. संक्रांतीच्या आठवड्यात शोभा गेली. डॉक्टरांना फोन आला, त्यांनी मला सांगितलं, आणि आम्ही दोघं आपापल्या टेबलाशी गेलो. त्या दिवशीच्या कामांवर सगळ्या खुणा आहेत.

मी डॉक्टरांना नंतर विचारलं होतं. ब्लॉक असता तर वाचली असती का? ते म्हणाले, "मुंबईला जाणार, रंग होणार, निकाल येणार. तेवढे दिवस तिच्याकडे होते की नाही, मला माहीत नाही. तुम्हालाही कधी कळणार नाही. तसं जगायची सवय करा." त्यांनी सवय केली का, मी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये लता आली. एकटी. मी बर्फाच्या लादीवर ब्लॉक मांडत होते.

"बाई, मले वळखलं का?"

"शोभाची आई."

"हाव." ती बाकावर टेकली. "तिले काय झालं होतं, बाई?"

"डॉक्टरांनी सांगितलं ना तुला. फार दुर्मीळ आजार होता."

"दुर्मीळ म्हंजे नाव थोडीच हाये."

ती चौथीपर्यंत शिकलेली होती आणि सरळ बोलत होती. तिला तिसरा महिना लागला होता. गावात तोंडावर म्हणत, बाईच्या रक्तात कीड आहे. नवरा म्हणे, हेही लेकरू तसंच निघालं तर? सासूनं नात्यातली एक मुलगी पाहून ठेवली होती. लताला माहेरी, पिंपळगाव राजाला, पाठवायचं बोलणं चाललं होतं.

"मले कागद पाह्यजे, बाई. का हे माह्यातून आलं नाही. नाव लिवून द्या. नाव असलं का मानूस ऐकते. नाव नसलं का मंग ज्याले जे वाटलं ते नाव ठेवते."

मी तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तिला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "मला खात्री आहे, पण पुरावा नाही. कागदावर मी 'संशय' एवढंच लिहू शकतो."

लता म्हणाली, "संशय तं गावातबी हाये, साहेब."

दाराशी आल्यावर तिनं मला विचारलं, "तो पह्यलेचा तुकडा होता ना, श्रावणातला? तो काऊन नाही उरला?"

मी म्हटलं, "जुने तुकडे ठेवत नाहीत."

"अस्सं," ती म्हणाली. तिला ते पटलं. माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांची मला तेव्हा भीती वाटायला लागली होती.

आता न झालेल्या कामाची गोष्ट. ऑगस्टपासून माझ्या यादीत एक ओळ दर आठवड्याला पुढे ढकलली जात होती : खराब काचा धुणे, बाकी. ज्या काचेवरच्या पापुद्र्याला सुरकुती वा घडी पडे, ती मी डॉक्टरांपर्यंत जाऊ देत नसे. रंग न देताच बाजूला टाकायची. काच मिळायला अवघड, म्हणून अशा काचा पत्र्याच्या डब्यात साठवून शेख चाचा महिन्याला एकदा त्या तेजाबात, म्हणजे ॲसिडात, घालून स्वच्छ करत. चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग दुसऱ्या डोळ्याचं झालं, आणि तेजाबाचं काम मीच त्यांना करू दिलं नाही. लता येऊन गेली त्याच आठवड्यात मी ते काम उरकायला बसले. तेजाबाचं भांडं मांडलं, हातमोजे घातले. काचा उचलून क्रमांक वाचायची गरज नसते. मी वाचत होते, कारण डिसेंबरपासून मी सगळंच वाचत होते.

सतराव्या की अठराव्या काचेवर हिऱ्याच्या पेन्सिलीनं कोरलेलं होतं : ४१२/८३. माझंच अक्षर. पापुद्र्याला मधोमध ठळक घडी. ऑगस्टमध्ये मला लाज वाटली म्हणून टाकून दिलेला. जे नीट केलं होतं ते मी वितळवलं, आणि जे बिघडवलं होतं ते उरलं.

मी चाचांना हाक मारली. मी काच उजेडाला धरली, त्यांनी नव्या चष्म्यातून पाहिली. "हे तं शेवाळासारखं दिसून राह्यलं बाई. याच्यात हाये ते पोरगी?"

"आहे."

"मंग धरा नीट. माह्या हातात नोका देऊ."

पोस्टानं काच पाठवायची म्हणजे चुरा मागवायचा. मी माझ्या भाच्याच्या जुन्या कंपासपेटीत कापूस भरून काच ठेवली, शेगावहून गाडी पकडली आणि ती पेटी मुंबईपर्यंत मांडीवरून उतरवली नाही.

तिथले तंत्रज्ञ राणे म्हणून होते. कोकणी माणूस, पन्नाशीचा, तोंडानं फटकळ. "काय हो बाई, विदर्भातून आलात, संत्री नाही आणलीत?"

"आमच्या जिल्ह्यात मिरची पिकते. आणली असती तर चालली असती का?"

हसले. काच पाहिली आणि हसू गेलं. "एकच? आणि घडी पडलेली? बाई, असली सेक्शन आम्ही फेकून देतो."

"मीपण," मी म्हटलं.

त्यांनी मला तो रंग समजावून सांगितला, तो जसा मला समजला तसा लिहिते. त्या राखणदार पेशींमध्ये एक विशिष्ट प्रथिन असतं. ते प्रथिन सशाला टोचतात. सशाचं रक्त त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार करतं. सशाच्या रक्तातून ते काढून घेतात आणि थेंबभर आपल्या काचेवर सोडतात. गुरांच्या बाजारात मालकानं हाक मारली की शंभर बैलांत त्याचाच बैल मान वर करतो. प्रतिपिंड म्हणजे ती हाक. ज्या पेशीत ते प्रथिन असेल तिलाच ते चिकटतं, बाकीच्यांना नाही. पण चिकटलेलं डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याच्यावर दुसरं द्रव्य, आणि त्याच्यावर रंग. मग जिथे हाक ऐकू गेली तिथे तपकिरी होतं. शेजारी एक साक्षीदार काच ठेवतात, ज्यात ते प्रथिन नक्की आहे. ती रंगली तर रंगाची पद्धत बरोबर.

प्रत्येक टप्प्याला काच धुवावी लागते. आणि धुताना घडी पडलेला पापुद्रा सुटतो, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तिसऱ्या धुण्याला घडीची कड उचलली गेली. पाण्यात शेवाळ हलावं तशी हलू लागली.

राणे म्हणाले, "गेली, बाई."

"भांडं बाजूला करा," मी म्हटलं. "ड्रॉपर द्या." आणि मी काच आडवी धरून एकेक थेंब सोडून धुतली. थेंब कडेवर नाही, कडेच्या अलीकडे, म्हणजे पाणी पापुद्र्यावरून सावकाश ओघळतं. मेच्या उकाड्यात मऊ पडलेले पापुद्रे मी वर्षानुवर्षं असेच वाचवले होते. पुढचं प्रत्येक धुणं मीच केलं. पापुद्र्याचा अर्धा भाग गेला. अर्धा राहिला. कोंबडीच्या अंड्यानं धरून ठेवला, खामगावच्या.

डॉक्टरांच्या वर्गमैत्रीण आल्या. आधी साक्षीदार काच पाहिली, मग आमची. मला म्हणाल्या, "या, पाहा."

तपकिरी. घडीच्या दोन्ही अंगांना, थव्यांनी, खाचेसकट. हाक मारली होती आणि त्यांनी माना वर केल्या होत्या.

राणे माझ्यासाठी चहा घेऊन आले. मी रडत होते असं ते नंतर डॉक्टरांना फोनवर म्हणाले म्हणे. मला वाटतं मी फक्त चष्मा पुसत होते.

रिपोर्ट इंग्रजीत. खामगावला आल्यावर डॉक्टरांनी त्याला मराठी पत्र जोडलं. आजाराचं नाव. पुढे लिहिलं : हा आजार आईच्या रक्तातून आलेला नाही. संसर्गानं आलेला नाही. कोणाच्या दोषानं झालेला नाही. पुढच्या मुलाला तो होईल असं मानण्याचं कारण नाही. सही, शिक्का. पाकीट मी चिकटवलं.

मेच्या अखेरीला मी एसटीनं वरवट बकालला गेले. घर शोधायला त्रास पडला नाही. 'ते पोरगी गेली ते घर' म्हटलं की दाखवत. ओट्यावर सासू वांगी निवडत होती. अंगावरची हळद अजून उतरायची होती अशी एक मुलगी अंगणातून बादली घेऊन गेली. मला समजलं.

"लता कुठे आहे?"

"ते गेली. आखाजीच्या सनाले तिचा भाऊ आला, घेऊन गेला."

"मी तिचा कागद आणलाय."

"कागदाची वाट कोनं पाहाची होती, बाई?"

तरी मी पाकीट उघडून पत्र वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीपर्यंत. तिचा हात वांग्यावरच थांबला. म्हणाली, "रक्तातलं नाही म्हनता."

"नाही."

"मी तं तिले भर बैठकीत म्हनलं होतं." मग माझ्याकडे पाहून, "मंग हे तवाच काऊन नाही समजलं? डाक्टरले तुकडा देल्ला होता ना आमी? श्रावनात देल्ला होता."

तिच्यापुढे मात्र माझ्या तोंडून खरं निघालं. "तो मी वितळवला. मेण पाहिजे होतं म्हणून."

"मेनासाठी?"

"हो."

तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "म्हंजे तुमीबी अन् मीबी," आणि पुन्हा वांगी निवडायला लागली. किडकी एका बाजूला, चांगली एका बाजूला.

तिथून पिंपळगाव राजाला गेले. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, भाऊ सगळ्यांना घेऊन बऱ्हाणपूरकडे कामाला गेला, केळीच्या बागा आहेत म्हणे तिकडे. "ते लता? तेबी गेली. पोटुशी होती, पन चांगली चालत होती." एवढंच. तिनं भावाचं नाव सांगितलं, त्या नावावर बऱ्हाणपूरला मी रजिस्टरनं वेगळं पत्र पाठवलं. 'पत्ता अपुरा' असा शेरा मारून परत आलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा पाठवलं, पुन्हा आलं. मूळ पाकीट मात्र मी पोस्टात कधी टाकलं नाही. ते हातात द्यायचं आहे.

आमच्याकडे आता ब्लॉक वितळवत नाहीत. दोन कपाटं भरली, तिसरं सांगितलं आहे. नवीन आलेल्या मुली विचारतात, बाई, हे सगळं कशाला ठेवायचं? मी सांगते, आज जे कळत नाही ते उद्याच्या रंगात कळेल, तेव्हा तुकडा हवा. त्या वहीत लिहून घेतात. सगळं मात्र मी त्यांना सांगत नाही. शेख चाचा निवृत्त झाले. अधूनमधून येतात, अंडं घेऊन, आणि कपाटाकडे पाहून विचारतात, "भेटली का ते?"

लताचं ते लेकरू आता चार वर्षांचं असेल. सुदृढ असेल, असंच मी धरून चालते. वाढताना त्याला कधी ताप आला, अंगावर पुरळ उठलं, तर रात्रभर तिच्या मनात काय येत असेल, हे मात्र मला कळतं, आणि त्याचं उत्तर माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे.

यंदा दसऱ्याआधी नेहमीप्रमाणे यादी केली. सुऱ्यांना धार लावणे, झालं. फॉर्मॅलिनच्या बाटल्यांवर 'हे औषध फेकू नये' अशा चिठ्ठ्या लावणे, झालं. काचा धुणे, झालं; प्रत्येक क्रमांक वाचून. तिसऱ्या कपाटाची किल्ली करून आणणे, झालं. शेवटची ओळ मी दर वर्षी नव्या डायरीत उतरवते, अक्षर न बदलता :

लताचा पत्ता शोधणे. पाकीट हातात देणे. ब्लॉक कोणी वितळवला ते सांगणे. बाकी.